झाकायच्या आधी : एका घराच्या परवानगी आणि तपासण्यांच्या नोंदी

१२ सप्टेंबर

आज फाइल दिली. तळमजला आणि वर एक मजला, एवढंच घर आहे. मालकीचे कागद, हद्दीच्या मोजणीचा नकाशा, आर्किटेक्टच्या सहीचे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं हमीपत्र आणि सांडपाण्याची लाइन कुठे जोडणार त्याचं रेखाचित्र, सगळं दोन-दोन प्रतींत. पोचपावतीवर आवक क्रमांक आणि तारीख नीट उमटली आहे ना, हे खिडकीसमोरच उभं राहून पाहिलं. पुढे प्रत्येक वेळी हाच क्रमांक विचारतात.

आमचं शहर लहान. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मिळून तिघं जण. नकाशे तपासणाऱ्या आणि जागेवर येणाऱ्या इंजिनिअर मॅडम एकच. याचा फायदा असा की जागा पाहिलेला माणूसच नकाशा वाचतो. अडचण अशी की त्या रजेवर गेल्या की काम थांबतं. म्हणून आजच वेळापत्रक मांडताना प्रत्येक तपासणीपुढे चार दिवस मोकळे ठेवले.

३० सप्टेंबर

त्रुटीपत्र आलं. सात मुद्दे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं, पण संध्याकाळी आर्किटेक्टसोबत बसून एकेक मुद्दा घेतला. चार मुद्दे लिखापढीचे निघाले: उत्तर दिशेचा बाण नाही, क्षेत्रफळाच्या तक्त्यात बेरीज चुकली, असले. उरलेले तीन मात्र खरे होते.

एक, मालकीच्या कागदावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष मोजणीचं क्षेत्र यांत चार चौरस मीटरचा फरक आहे, आणि आम्ही मोठा आकडा धरला होता. आता लहान धरला. दोन, जिन्याखालच्या संडासाला बाहेरची हवा मिळत नाही. तीन, बाजूची मोकळी जागा आम्ही २ मीटर दाखवली होती ती भिंतीच्या मध्यरेषेपासून. ती मोजायची भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून, गिलाव्यासकट. २३० मिलिमीटरच्या भिंतीत मध्यरेषा म्हणजे ११५ मिलिमीटर गेलेच, वर गिलावा. इतकं अंतर कमी पडलं असतं आणि ते लक्षात आलं असतं घर उभं राहिल्यावर.

४ ऑक्टोबर

उत्तर दिलं. त्रुटीपत्रात मुद्दे ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने लिहिलं. प्रत्येकासमोर दोन ओळी, कुठल्या पानावर बदल केला तो पान क्रमांक, आणि नकाशात त्या जागी लाल वर्तुळ. तपासणाऱ्याला शोधत बसावं लागू नये, एवढं तरी अर्ज करणाऱ्याने करावंच.

२१ ऑक्टोबर

मॅडम जागा पाहायला आल्या. मला वाटलं होतं टेप काढून मोजतील. त्या आधी रस्त्यावर उभ्या राहिल्या, मग कोपऱ्यात, आणि विचारलं, "पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं?"

मला सांगता आलं नाही. आमची जागा रस्त्यापेक्षा साधारण ४५ सेंटिमीटर खाली आहे. नकाशात जोत्याची उंची ४५ सेंटिमीटर लिहिलेली, पण कशापासून ते लिहिलेलं नव्हतं. जमिनीपासून धरली तर जोतं रस्त्याच्या पातळीला येतं, म्हणजे रस्त्यावर वाहणारं पाणी थेट उंबऱ्याशी. आता उंची रस्त्याच्या मध्यापासून मोजायची ठरली. जमिनीपासून ती ९० होईल, पायऱ्या वाढतील, भरावही वाढेल. तरीही हा बदल मी आनंदाने केला. कागदावर एक आकडा खोडला आणि पुढच्या कितीतरी पावसाळ्यांची काळजी मिटली.

६ नोव्हेंबर

परवानगी मिळाली. प्रमाणपत्राच्या मागे अटी आहेत. त्या बारीक अक्षरातल्या असल्या तरी रात्री शांतपणे वाचून काढल्या, कारण तपासण्यांचं सगळं वेळापत्रक त्यातच दडलेलं असतं. आमच्या अटींमधून निघालेले टप्पे एका कागदावर लिहून साइटच्या पत्र्याच्या खोलीत चिकटवले: लाइनआउट (जमिनीवर घराची आखणी), फुटिंगचं (कॉलमखालच्या पायाचं) लोखंड, जोत्याखालची ड्रेनेज लाइन, जोतं, प्रत्येक स्लॅबचं लोखंड, गिलाव्याआधीचं वायरिंग, आणि शेवटची तपासणी.

लिहिताना ध्यानात आलं की शेवटची सोडली तर यातली जवळजवळ प्रत्येक तपासणी काहीतरी झाकलं जाण्याच्या आदल्या घटकेची आहे. लोखंडावर काँक्रीट पडणार, पाइपावर मुरूम, वायरवर गिलावा. त्यानंतर तिथे काय आहे हे कोणालाही दिसणार नाही. म्हणून कागदाच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, "सही झाल्याशिवाय झाकायचं नाही." मिस्त्रींना वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

शिक्क्याच्या नकाशांचा एक संच प्लास्टिकच्या पिशवीत साइटवर ठेवला.

१४ नोव्हेंबर

लाइनआउट. खुंट्या ठोकल्या, लाइनदोरी ताणली, फक्की मारली. काटकोन ३-४-५ ने काढला: एका दोरीवर ३ मीटर, दुसरीवर ४, आणि तिरकं अंतर बरोबर ५ आलं की कोन नव्वदचा. तरी शेवटी दोन्ही कर्ण मोजले. घर ९.२० बाय ११.४०, म्हणजे कर्ण १४.६५ यायला हवा. एक आला १४.६९ आणि दुसरा १४.६१. कोपरा सरकलेला होता. दोरी सोडून पुन्हा बांधली.

दुसरी चूक मोठी होती. पूर्वेकडचा हद्दीचा दगड कललेला आहे. मिस्त्रींनी टेप दगडाच्या डोक्याला लावला होता. मॅडमनी कुदळ मागवली, दगडाभोवतीची माती काढायला लावली आणि बुंध्यापासून मोजलं. ९ सेंटिमीटरचा फरक. सगळ्या पूर्वेकडच्या रेषा ९ सेंटिमीटर आत घेतल्या. खड्डे खणायच्या आधी याला लागला एक तास आणि थोडी फक्की.

संध्याकाळी वाचत होते. १६६६ च्या आगीत लंडन जळालं, त्यानंतर शहर पुन्हा उभारताना नेमलेल्या सर्व्हेयरांमध्ये रॉबर्ट हूकही होता, स्प्रिंगचा नियम सांगणारा तोच. घरमालकाने शुल्क भरलं की हे लोक जागेवर जाऊन पायाच्या खुंट्या आखून देत आणि तसं प्रमाणपत्र लिहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि आज आम्ही तेच केलं.

२८ नोव्हेंबर

फुटिंगचं लोखंड. पीसीसीवर, म्हणजे खड्ड्याच्या तळाशी घातलेल्या साध्या काँक्रीटच्या थरावर, जाळी बांधून तयार होती. मी सकाळी सातला जाऊन नकाशाशी ताडून पाहिली होती: सळया १२ मिलिमीटरच्या, अंतर १५० मिलिमीटर, कॉलमचे स्टार्टर (कॉलमसाठी वर काढलेल्या सळया) जागेवर. सगळं बरोबर वाटलं.

मॅडम खड्ड्यात उतरल्या आणि जाळीखाली हात घातला. वर काढला तेव्हा हातात दगडाचा तुकडा होता. फिटरने कव्हर ब्लॉक (सळया वर उचलून धरणारे छोटे ठोकळे) कमी पडले म्हणून चार जागी दगडाच्या चिपा सरकवल्या होत्या. खालून ५० मिलिमीटर कव्हर हवं, तिथे कुठे ३०, कुठे २०. मी वरून पाहिलं होतं, खालून पाहिलं नव्हतं.

कव्हर म्हणजे लोखंडाभोवतीचं काँक्रीटचं आवरण. काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकतो आणि ती गंजत नाही. आवरण पातळ असलं की ओल आणि हवा लवकर आत पोचते. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतं, आणि काँक्रीट आतून फुटतं. पायात हे झालं तर दिसणारही नाही.

फिटरला कोणी रागावलं नाही. ब्लॉक आणले, दगड काढले, दुपारी तीनला पुन्हा पाहिलं आणि सही झाली. आजपासून माझ्या पिशवीत एक लहान आरसा आणि बॅटरी.

२० डिसेंबर

जोत्याखालच्या ड्रेनेज लाइनची चाचणी आणि जोत्याची तपासणी एकाच दिवशी घेतली. लाइन खालच्या टोकाला बुचाने बंद केली, वर पाणी भरलं, पातळीवर खडूची खूण केली आणि अर्धा तास थांबलो. पहिल्या वेळी पाणी बोटभर उतरलं. एल्बोच्या सांध्यात गळत होतं, सोल्युशन नीट लागलं नव्हतं. सांधा बदलला, पुन्हा भरलं, खूण हलली नाही. उतार ६० ला १ धरला आहे, म्हणजे मीटरमागे साधारण १७ मिलिमीटर. लेव्हल नळीने तोही तपासला. मग मुरूम.

जोत्याची मापं ठीक. प्रमाणपत्र पाच दिवसांत देतो म्हणाले. तोवर भिंतीला हात लावलेला नाही.

९ जानेवारी

ही नोंद लांब होणार आहे, कारण आज मी जवळजवळ चूक करत होते.

वरच्या मजल्याची गॅलरी मंजूर नकाशात ९० सेंटिमीटर पुढे आली आहे. आईची खुर्ची तिथे आरामात बसावी, वळावी, म्हणून ती १३५ करावी असं मनात आलं. मिस्त्री म्हणाले, "ताई, दीड फुटानं काय होतंय, दोन सळया जास्त टाकू." मलाही ते पटलं. तरी संध्याकाळी स्ट्रक्चरल इंजिनिअरना फोन केला.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली हिशेबाची. गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते, दुसरं टोक हवेत. त्यामुळे मुळाशी येणारा वाकवणारा जोर लांबीच्या वर्गाने वाढतो. लांबी दीडपट झाली की जोर सव्वादोन पट. "दोन सळया जास्त" हे त्याचं उत्तर नाही. जाडी, मागच्या स्लॅबमध्ये लोखंड किती खोल न्यायचं, खालचा बीम, सगळंच पुन्हा पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट १७ जुलै १९८१ ची, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची. तिथल्या हयात रीजन्सी हॉटेलमध्ये मोठ्या दिवाणखान्यावर टांगते पूल होते, चौथ्या मजल्याचा वर आणि दुसऱ्याचा बरोबर त्याच्या खाली. मूळ आराखड्यात छतापासून एकच लांब सळी दोन्ही पुलांना धरणार होती. बांधताना सोयीसाठी तिच्या दोन सळया केल्या: छतापासून वरच्या पुलापर्यंत एक, आणि वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत दुसरी. कागदावर हा बदल किरकोळ दिसतो. पण त्यामुळे खालच्या पुलाचं सगळं वजन वरच्या पुलाच्या तुळईला लटकलं आणि तिच्या नटाखाली दुप्पट भार आला. नव्याने हिशेब कोणी केलाच नाही. पूल कोसळले, ११४ माणसं गेली.

"आपली गॅलरी म्हणजे तो पूल नाही," ते म्हणाले. "पण बदल करताना हिशेब कोणी केला, हा प्रश्न तोच आहे."

मी वही मिटली आणि बराच वेळ गप्प बसले. मग ठरवलं: सुधारित नकाशा द्यायचा. त्यांनी १२० सेंटिमीटर सुचवलं, मुळाशी स्लॅब १५० मिलिमीटर जाड, आणि लोखंड नव्याने काढून देतो म्हणाले. समोरची मोकळी जागा त्यात बसते हेही पाहिलं.

२ फेब्रुवारी

सुधारित नकाशा मंजूर. तीन आठवडे गेले. त्यात तळमजल्याच्या भिंती चढल्या.

आज जिन्याच्या सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यावर, अडलो. मजल्याची उंची ३,०६० मिलिमीटर, १८ पायऱ्या, प्रत्येकी १७०. सेंट्रिंगवाल्यांनी सगळ्या अगदी सारख्या आखल्या होत्या, आणि तिथेच गफलत होती. खाली-वर जमिनीवर भराव आणि फरशी मिळून ५० मिलिमीटर चढणार, पायऱ्यांवर मात्र २०. तयार जिन्यात पहिली पायरी १४० ची झाली असती आणि शेवटची २००. पाय मोजत नाही, त्याला दोन पायऱ्यांतच सवय लागते, आणि वेगळी पायरी आली की माणूस अडखळतो. म्हणून आता कच्च्या कामात पहिली २०० आणि शेवटची १४० धरली. काम संपल्यावर सगळ्या १७० होतील.

१८ फेब्रुवारी

उद्या स्लॅब. लोखंड बांधून पूर्ण. दुपारी आरसा, बॅटरी आणि टेप घेऊन तीन तास फिरले. कव्हर ब्लॉक आहेत. १२ मिलिमीटरच्या सळईला जोड ६०० मिलिमीटरचा, तोही आहे, आणि सगळे जोड एका रेषेत आलेले नाहीत. वजनाचा एक ताळा मिस्त्रींकडून शिकले: व्यासाचा वर्ग भागिले १६२, की मीटरमागे किलो. १२ ला ०.८९ येतं. एक मीटर तुकडा तोलून पाहिला, बरोबर.

गॅलरीचं लोखंड वरच्या अंगाला आहे, चेअरवर, म्हणजे सळया वर धरणाऱ्या वाकवलेल्या लोखंडी आधारांवर, उभं. फोटो काढले. मॅडम सकाळी आठला येतील, काँक्रीटची गाडी अकराला.

१९ फेब्रुवारी

स्लॅब झाला नाही.

सकाळी वायरिंगची माणसं पाइप टाकायला वर गेली होती. येण्याजाण्याची वाट गॅलरीवरूनच. मॅडम शिडीवरून वर आल्या, सरळ गॅलरीच्या मुळाशी बसल्या आणि टेप उभा धरला. वरच्या सळया काल जिथे होत्या तिथून ४० मिलिमीटर खाली दबल्या होत्या. चेअर आडव्या झाल्या होत्या.

टांगत्या गॅलरीचं टोक खाली वाकू पाहतं, म्हणून ताण तिच्या वरच्या अंगाला येतो. लोखंड वर असायला हवं ते त्यासाठी. १५० च्या जाडीत सळई खालच्या अंगापासून १२० वर असेल तेवढी तिची ताकद. ती ८० वर आली तर ताकदीचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा गेला. ज्या गॅलरीसाठी आम्ही तीन आठवडे थांबलो, हिशेब पुन्हा करून घेतले, ती चार माणसांच्या पावलांखाली एका सकाळीत कमकुवत झाली होती. काल संध्याकाळचे माझे फोटो खरे होते. आजची गॅलरी वेगळी होती.

मॅडमनी सही केली नाही. म्हणाल्या, "गाडी थांबवा. घाईत चेअर नीट बसणार नाहीत." गाडी निघायच्या आधी फोन लागला हे नशीब. सेंट्रिंगवाले नाराज झाले, त्यांचा दिवस फुकट गेला. त्यांची भरपाई मी दिली, कारण वाट कुठून ठेवायची हे माझ्याच लक्षात यायला हवं होतं.

२१ फेब्रुवारी

स्लॅब झाला. चेअर दुप्पट केल्या, बांधून घेतल्या. गॅलरीवर फळ्या टाकल्या, त्याही सळयांवर टेकणार नाहीत अशा. मॅडमनी पुन्हा मोजलं आणि तिथेच सही केली.

काँक्रीट किती घट्ट किंवा पातळ आहे ते पाहणारी स्लम्प चाचणी घेतली. ३०० मिलिमीटर उंच शंकूत तीन थर, प्रत्येक थराला सळीचे २५ ठोसे, मग शंकू उचलून काँक्रीट किती बसतं ते पाहायचं. दुसऱ्या गाडीच्या वेळी एकाने पाण्याचा पाइप आणला, "घट्ट आहे, थोडं मारू." नाही म्हटलं. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि मागे पोकळ्या राहतात. व्हायब्रेटर थोडा जास्त वेळ चालवला. काँक्रीटची ताकद तपासायला १५० मिलिमीटरचे सहा क्यूब (ठोकळे) भरले, तीन सात दिवसांसाठी आणि तीन अठ्ठावीस दिवसांसाठी.

काँक्रीट पडेपर्यंत मी गॅलरीच्या बाजूला उभी होते.

२१ मार्च

क्यूबचा निकाल: हवं होतं २० मेगापास्कल, आलं २६. मधल्या स्लॅबचे टेकू आधीच काढले होते. गॅलरीचे आज काढले, आणि तेही टोकाकडून मुळाकडे. मुळाकडचे आधी काढले असते तर टोक टेकूवर आणि मूळ भिंतीवर असा तो स्लॅब मध्येच टांगला असता, आणि त्या वाकण्यासाठी त्यात लोखंड मांडलेलं नाही.

शेवटचा टेकू निघाला तेव्हा ओळंबा धरून बसले होते. टोक दोन मिलिमीटर उतरलं आणि थांबलं.

१७ मे

मधल्या काळात वरचा स्लॅब पहिल्याच तपासणीत पास झाला. त्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

आज गिलाव्याआधीचं वायरिंग. बाथरूमच्या गीझरच्या पॉइंटला अर्थिंगची वायर पोचलीच नव्हती, पाइपात मध्येच संपली होती. गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवणार आहोत. त्याचं टेस्टचं बटण दाबून ब्रेकर पडला म्हणजे अर्थिंग ठीक, असा माझा समज होता. तो चुकीचा. बटण फक्त ब्रेकरची यंत्रणा तपासतं. अर्थिंग प्रत्येक पॉइंटला वेगळी मोजावी लागते. मोजली.

३० जून

शेवटची तपासणी. जिन्याच्या पायऱ्या मॅडमनी एकेक करून मोजल्या: १६९, १७०, १७०, १७१. गॅलरीच्या कठड्यातल्या उभ्या गजांमध्ये मात्र १३ सेंटिमीटरची फट निघाली. नकाशात १० होती. रांगत्या मुलाचं अंग १३ मधून जाऊ शकतं. फॅब्रिकेटरने गज वाढवून द्यायचं कबूल केलं. आठवडाभर थांबणं आलं.

११ जुलै

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायची परवानगी, मिळालं.

दुपारी मीटरच्या कपाटात एक जाड लिफाफा ठेवला. त्यात शिक्क्याचे नकाशे, सुधारित नकाशा, क्यूबचे अहवाल, आणि झाकायच्या आधी काढलेले फोटो आहेत, प्रत्येक फोटोत टेप धरलेला. कुठल्या भिंतीत कुठून पाइप गेला, कुठे सळया दाट आहेत, हे पुढे भिंतीला ड्रिल लावणाऱ्याला कळेल. सर्वांत वर २१ फेब्रुवारीचा फोटो ठेवला: गॅलरीच्या मुळाशी टेप उभा धरलेला मॅडमचा हात, आणि सळई १२० वर.

आईची खुर्ची संध्याकाळी गॅलरीत नेली. वळते.